मुका विस्तव

नालोंगोची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ती धरणीच्या पोटातून वर आली.

मी वाढवून सांगतो असा माझा लौकिक आहे, पण याला साक्षीदार आहेत. सकाळची वेळ होती. शाळेला जायच्या आधी मी मटोकेची हिरवी केळी सोलून पातेल्यात टाकली होती आणि सालींनी भरलेली पाटी घेऊन आमच्या खोल्यांच्या ओळीमागच्या कचऱ्याच्या खड्ड्याकडे गेलो. पाटी उलटी केली. खड्डा शिंकला. मग सालींचा ढीग हलला, ढिगाला खांदे फुटले आणि सात टेकड्यांच्या कंपालातल्या आठव्या टेकडीसारखी एक बाई हळूहळू वर उगवली. डोक्यावर सालींचा मुकुट, दोन्ही कानांवर सालींचे डूल. मी पाटी टाकून पळणारच होतो, पण आमच्याकडे पळायच्या आधी विचारपूस उरकावी लागते.

तिलाही ते ठाऊक होतं. समोर मास्तर माणूस उभा, म्हणजे रीतीप्रमाणे गुडघे टेकायला हवेत. तिने खड्ड्यात गुडघे टेकले आणि ती पुन्हा दिसेनाशी झाली.

"रात्र कशी गेली, मास्तर?" खड्डा म्हणाला.

"बरी गेली. तुमची?"

"बरीच गेली. घरची मंडळी?"

"गावी असतात. बरी आहेत."

"शेत?"

"उभं आहे."

"शेळ्या?"

"आहेत."

"हं."

"हं."

"हं."

हा 'हं' पुष्कळदा इकडून तिकडे जावा लागतो, दर वेळी जरा खालच्या पट्टीत, विहिरीत सोडलेल्या दगडासारखा. तो तळाला टेकला की मगच माणसाला मुद्द्याचं बोलायची मुभा मिळते. दगड टेकला. नालोंगो उठली, कानावरची साल काढून तिने उन्हात धरली आणि सोनाराने दागिना पाहावा तशी पाहिली.

"मास्तर, तुम्ही केळी सुरीने सोलता की कुऱ्हाडीने?"

मी पाटी पाठीमागे लपवली.

"निम्मं केळं सालीला चिकटून आलंय. पुरुषाच्या हातची साल लांबून ओळखू येते. पण टाकत जा हो इथंच. ओळीत तुमच्याइतका जाड माल कुणाचा नाही."

अशी आमची ओळख झाली. माझ्या स्वयंपाकाचं एवढं मनापासून कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं, नंतरही केलेलं नाही.

तिचं खरं नाव थिओपिस्ता नाबोसा. पण जुळ्यांना जन्म दिलेल्या बाईला आमच्याकडे नाव उरत नाही. ती नालोंगो होते, नवरा सालोंगो होतो, आणि पुढे आयुष्यभर दोघांना असा मान मिळतो की जणू जुळी त्यांनी ठरवून, आखून, हिमतीवर जन्माला घातली. तिच्या जुळ्या म्हणजे बाबिर्ये आणि नाकातो. सालोंगो रेडिओ दुरुस्त करायचा. मनुष्य इतका अबोल, की बंद पडलेले रेडिओ त्याच्याकडे का यायचे ते कळावं.

सालींचं प्रकरण असं होतं. कुठल्याशा संस्थेची माणसं आमच्या वस्तीत आली होती. त्यांनी चर्चच्या पटांगणात बायकांना शिकवलं, की केळ्याच्या साली वाळवाव्या, झाकणाच्या पिंपात दमकोंडीने जाळाव्या, त्याचा काळा चुरा कांडावा, कसाव्याच्या कंदाच्या पेजेत कालवावा आणि गोळे वळून उन्हात ठेवावे. लाकडी कोळशाऐवजी हे गोळे शेगडीत घालायचे. झाडं तोडायला नकोत, धूर नाही, डोळे चुरचुरत नाहीत. शिकायला पटांगणभर बायका होत्या. चहा आणि पाव संपल्यावर त्यांतली नालोंगो तेवढी उरली.

ती का उरली, हे मी तिला एकदा विचारलं होतं. तिच्या माहेरी, म्पिगीकडे, लहानपणी एक जंगल होतं. त्यातून शाळेला जायची वाट होती आणि त्या वाटेवर तिला माकडांची भीती वाटायची. "परवा गेले होते," ती म्हणाली, "तर सगळं मैदान. शाळा आपली घरातूनच दिसते. आता पोरं कशाला भीत असतील?" एवढं बोलून ती गोळे वळायला लागली. त्या संस्थेच्या माणसांनी आकडे, नकाशे आणि रंगीत चित्रं आणली होती. त्यांच्यातल्या कुणाला माकडांची भीती वाटत होती की नाही, ठाऊक नाही.

गोळे झाले. खोलीसमोर जुन्या पत्र्यावर वाळले. रांगेने मांडलेले ते काळे गोळे पाहून शेजारच्या कोंबड्यांनी काही दिवस त्या बाजूला जाणं सोडलं. आणि मग नालोंगो पाटी डोक्यावर घेऊन विकायला निघाली.

आता आमच्या लोकांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. तो शब्द आमच्या भाषेत आहे, पण तो पाहुण्यांसाठीच्या कपबश्यांसारखा कपाटात ठेवलेला असतो. नालोंगोने संस्थेचं भाषण पाठ केलं होतं. ती दारोदार गुडघे टेकून बसायची, शेळ्यांपर्यंतची चौकशी संपवायची आणि सांगायची, की जंगलं संपत चालली, पाऊस रागावला, पुढच्या पिढीचं काय होणार. ऐकणारा हळहळायचा. वस्तीचा चेअरमन तर इतका हळहळला, की त्याने बायकोला हाक मारून तिलाही हळहळायला लावलं.

"अगदी बरोबर बोललीस, नालोंगो," सगळे म्हणायचे. "झाडं वाचलीच पाहिजेत."

"मग देऊ एक पाटी?"

"उद्या."

आमचा उद्या फार मोठा असतो. त्यात सगळं मावतं. नालोंगो भरलेली पाटी घेऊन परत यायची आणि मागून कोळशाचा ट्रक हात दाखवून पुढे जायचा. त्यातून पोतं उतरवून घेताना चेअरमन दारातून तिला पुन्हा सांगायचा, की झाडांबद्दल तिचं म्हणणं त्याला फारच पटलं आहे.

तिचा धंदा चालला तो झाडांमुळे नव्हे. तो चालला लुबुलवामुळे.

लुबुलवा म्हणजे आमच्या वस्तीचा सर्वांत मोठा आवाज. हयात टॅक्सीच्या अड्ड्यावर गावांची नावं पुकारण्यात गेली, त्यामुळे तो 'बसा' म्हणाला तरी माणूस उठून गाडी शोधायचा. आता घरी बसून होता. एकटा जीव, जिभेवर साखर आणि डोक्यावर टोपी. स्वयंपाक त्याने कधी केला नाही, कारण त्याला धूर वाचता यायचा. कोळसा पेटवला की तडतडतो, ठिणग्या उडतात, दारासमोर निळसर धूर उभा राहतो. लुबुलवा रस्त्याच्या टोकाला उभा राहून नाक वर करायचा आणि धुरावरून सांगायचा, की चौथ्या खोलीत मटोके, सातव्या खोलीत शेंगदाण्याचं कालवण, आणि टोकाला, अरे वा, मासा. मग मासा ताटात पडायच्या क्षणी दारात त्याची सावली पडायची.

आणि जेवताना दारात माणूस आला, की 'या, जेवू या' म्हणावं लागतं. ते न म्हणणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मायचा आहे. आणि तसं म्हटल्यावर हात न धुणारा लुबुलवाही अजून जन्मायचा आहे.

चौथ्या खोलीतल्या देओच्या आईने भिडेखातर कधीतरी नालोंगोकडून एक पाटी गोळे घेतले होते. कोळसा संपला त्या दिवशी तिने ते शेगडीत घातले आणि वर मासा चढवला. गोळा तडतडत नाही. धूर काढत नाही. नुसता लाल होऊन बसून राहतो, समाधी लागल्यासारखा. देओची आई, देओ, त्याचा बाप आणि दोन बहिणी जेवायला बसली. लुबुलवा रस्त्याने आला, ओळीकडे पाहिलं, नाक वर केलं, खाली केलं आणि टोपी सारखी करून पुढे निघून गेला.

देओच्या बापाने माशाचं डोकं स्वतः खाल्लं. किती तरी दिवसांनी. म्हणतात, की खाताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या सकाळी देओची आई नालोंगोच्या दारात. "झाडांचं तू म्हणालीस ना," ती आवाज खाली करून म्हणाली, "ते माझ्या मनाला फार लागलंय गं. तीन पाट्या दे."

पाठोपाठ पाचवी खोली आली. मग सातवी. मग चेअरमनची बायको मागच्या दाराने. प्रत्येकीला एकाएकी झाडांचा कळवळा आलेला. कुणी म्हणे पाऊस वेळेवर पडत नाही, कुणी म्हणे पुढच्या पिढीचं बघायला हवं. लुबुलवाचं नाव एकीनेही काढलं नाही. पण प्रत्येकीने जाता जाता एक प्रश्न विचारलाच: "धूर मुळीच येत नाही ना? मुळीच म्हणजे मुळीच?"

नालोंगो गंभीर चेहऱ्याने म्हणायची, "विस्तव मुका आहे, बाई. कुणाला काही सांगत नाही."

तिच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. मी एकदा तिला डिवचलं, "तुझ्या गिऱ्हाइकांना जंगलाची बरीच काळजी लागली."

"मास्तर," ती गोळा वळत म्हणाली, "माशासाठी का होईना, झाड उभं राहिलं तर झाडाला काय कळणार आहे कशासाठी राहिलं ते?"

इकडे बिचारा लुबुलवा चिंतेत पडला. त्याला खरंच वाटलं, की ओळीवर उपासमार आली. तो चर्चच्या फादरकडे गेला आणि म्हणाला, की त्या खोल्यांतून हल्ली चुलीच पेटत नाहीत, माणसं मानी आहेत, सांगत नाहीत, तुम्ही काहीतरी करा. फादर येऊन पाहून गेले. सगळे गुबगुबीत. फादरनी जाताना देवाची लीला अगाध असल्याचं सांगितलं आणि तेही दोन पाट्या घेऊन गेले.

असं सगळं बरं चाललेलं असताना बाबिर्येचं लग्न ठरलं.

मुलगा मसाकाचा, बालिकुद्देम्बे नावाचा, औषधांच्या दुकानात कामाला. पोरगा चांगला होता, सालोंगोपेक्षा जास्त बोलायचा, पण तसं कुणीही बोलतं. आता मुलाकडची माणसं रीतीप्रमाणे टोपल्या घेऊन मुलीला मागायला येणार, आणि त्यांना जेवण घालायचं सालोंगोच्या गावच्या घरी. मांडव, पांढरे झगे, माणसांचा महापूर. आणि तेवढ्यात देओच्या आईने भर ओट्यावर, सगळ्यांदेखत, एक साधा प्रश्न विचारला.

"नालोंगो, पोरीच्या मागणीचा स्वयंपाक तू आपल्या गोळ्यांवरच करणार असशील ना?"

बायकांनी तांदूळ निवडायचे थांबवले. विकणारी बाई स्वतःच्या घरच्या मोठ्या कार्याला लाकडं आणते, असं एकदा दिसलं की धंदा बसला. हे नालोंगोला कळलं, ओट्याला कळलं, मलाही कळलं.

"म्हणजे काय," नालोंगो म्हणाली. "दुसऱ्या कशावर करणार?"

आणि त्या रात्रीपासून तिची झोप गेली. कारण गोळ्यांवर तिने घरचं पातेलं शिजवलं होतं. गावजेवणाची हंडी कधीच नाही.

खरी अडचण मात्र कासालिना. ही सालोंगोची बहीण, म्हणजे नालोंगोची नणंद आणि मुलीची आत्या. आमच्याकडे मुलगी आईची म्हणून जन्मते, पण लग्नाच्या दिवशी ती आत्याची असते. आत्या तिला सजवते, आत्या तिला पुढे आणते, आत्या नवऱ्या मुलाला माणसांतून शोधून काढते. आई मागे हंड्यांपाशी. कासालिना बाईंचा बांधा असा, की त्या गोमेसी, म्हणजे टोकदार खांद्यांचा पोशाख, घालून उभ्या राहिल्या की मांडवाला वेगळी कमान लागत नसे.

"कचऱ्यावर शिजवणार?" कासालिना म्हणाली. "माझ्या भाचीच्या सासरच्यांना कचऱ्यावर शिजवलेलं घालणार?"

"कचरा नाही, कासालिनाताई. केळ्याच्याच साली. केळ्यावरच केळं शिजणार."

"उद्या म्हणशील, बकऱ्याच्या शिंगांवर बकरा शिजवू. अगं, मटोके कच्चं राहिलं तर ते मसाकावाले जन्मभर सांगत सुटतील, की त्या घरची पोर पण अर्धीकच्चीच असणार."

"कच्चं राहणार नाही."

"आणि राहिलं तर?"

नालोंगो पाटीतले गोळे मोजू लागली. कासालिनाने मान हलवली आणि कार्याच्या दिवशी ती कोळशाचं एक अख्खं पोतं घेऊन गावी हजर झाली. हंड्यांपासून थोड्या अंतरावर तिने पोतं ठेवलं आणि त्यावर बसली. "पाय दुखतात," म्हणाली. "बसायला लागतं काहीतरी."

पहाटेच हंड्या चढल्या. सोललेली केळी पानांत गुंडाळून, वर पानं, त्यावर पानं, कडेने पानं, अशी प्रत्येक हंडी बाळंतिणीसारखी बांधून ठेवली. एकदा बांधली की मध्ये उघडायची नाही, वाफ गेली की सगळं गेलं. लाकडांवर असतं तर जाळाच्या आवाजावरून बायकांनी ओळखलं असतं, आत काय चाललंय ते. इथे खाली गोळे लाल होऊन मुकाट बसलेले. नालोंगो हंडीला कान लावायची, सरळ व्हायची, पुन्हा कान लावायची. वैद्याने नाडी पाहावी तशी.

"काही म्हणतेय का?" पोत्यावरून प्रश्न यायचा.

"शिजतेय."

"तसं ती म्हणाली?"

मांडवात पाहुणे आले. मसाकावाल्यांना या बाजूची माणसं माहीत नव्हती, म्हणून त्यांनी बोलायला इकडचाच एक वजनदार आवाज ठरवला होता. पांढऱ्या झग्यावर काळा कोट घालून, टोपी काखेत धरून, त्यांच्या रांगेच्या अग्रभागी उभा होता लुबुलवा.

मी मुलीकडच्या माणसांत बसलो होतो. लुबुलवाच्या मागच्या खुर्चीवर मुलाचे आजोबा होते, सगळ्यांचे जज्जा. वाळलेल्या शेंगेसारखे. बोलण्याच्या फैरी सुरू झाल्या. आमचा माणूस म्हणाला, तुम्ही कोण, वाट चुकलात का? लुबुलवा म्हणाला, वाट चुकलो नाही, सुगंधाने आलो. मांडव हसला. नेहमीचं सगळं. पण मी पाहिलं, की आजोबा हसत नव्हते. ते मान उंच करून सालोंगोच्या घराच्या मागच्या कुंपणाकडे पाहत होते. मग आभाळाकडे. मग पुन्हा कुंपणाकडे.

"धूर नाही," आजोबा लुबुलवाला म्हणाले. कानाला कमी ऐकू येत असल्यामुळे ते कुजबुजले ते माझ्यापर्यंत ऐकू आलं.

लुबुलवाने नाक वर केलं आणि दुःखाने मान हलवली. "मी गाडीतच म्हटलं होतं, जज्जा. घर चांगलं, माणसं चांगली, पण त्या बाईच्या ओळीत कित्येक महिने चूल पेटलेली नाही. मी स्वतः रोज पाहिलंय."

"गरिबी नव्हे ती," आजोबा म्हणाले. "लाकडं कुंपणात उगवतात. चूल पेटवली नाही म्हणजे पोर द्यायची नाही. तोंडाने नाही म्हणवत नाही, म्हणून उपाशी परत लावतात."

आता तुम्हीच सांगा, यात त्यांचं काय चुकलं? ज्या मुलखात तोंडाने कुणीच नाही म्हणत नाही, तिथे म्हातारी माणसं नकार शोधायला दुसरीकडेच बघणार. मसाकावाल्या रांगेतून ती गोष्ट वाऱ्यासारखी गेली. बायकांनी टोपल्यांवरचे रुमाल पुन्हा घट्ट केले. बालिकुद्देम्बे कपाळ पुसू लागला. आणि लुबुलवाने घसा साफ करून भाषणाचा सूर बदलला.

"मंडळी," तो म्हणाला, "मसाकाचा रस्ता लांबचा. आमच्यातले म्हातारे रात्री बघू शकत नाहीत. टोपल्या जड आहेत. उचलायच्याच झाल्या, तर उजेडी उचललेल्या बऱ्या."

आमच्या बाजूला माझ्याशिवाय कुणाला काही कळेना. सालोंगो तर असा बसला होता, की त्याच्यातली वीज गेली असावी. बाबिर्ये आत सजून बसलेली. मी हळूच उठलो आणि घरामागे गेलो.

"पाहुणे निघायच्या बेतात आहेत," मी म्हणालो.

नालोंगो हंडीवरून उठली. तिचा चेहरा राखेसारखा झाला. "कच्चं आहे असं त्यांना कुणी सांगितलं? मी अजून उघडलंच नाही."

"कच्च्याचं नाही. त्यांना वाटतं शिजवलंच नाही. धूर दिसत नाही म्हणून. म्हातारा म्हणतो, तुम्ही पोर देत नाही."

ती बसली, चुलीपुढच्या मातीतच. हसावं की रडावं ते तिला ठरवता येईना, आणि मला भीती वाटली, की ती दोन्ही एकदम करील. ज्या धुराच्या नसण्यावर तिने वस्तीभर गोळे विकले, तोच आता पोरीच्या मुळावर आला होता. "जाऊन सांगा ना त्यांना," ती म्हणाली. "इथे आणून दाखवा हंड्या."

"पाहुण्यांना चुलीपाशी आणायचं? आणि सांगणार कोण, की म्हातारबुवा तुम्ही चुकलात?"

तेवढ्यात पोतं करकरलं. कासालिना उठली होती. मला वाटलं, आता ती कोळसा ओतणार आणि हयातभर ऐकवणार. पण ती पोत्याकडे न बघता कुंपणाकडे गेली. टोकदार खांद्यांचा तो भारी पोशाख तिने गुडघ्यापर्यंत खोचला, केळीची वाळकी पानं कवेत मावतील तेवढी ओढून आणली, त्यावर हिरवी ओली टाकली आणि खालून एक पेटता गोळा सारला.

"तुझा विस्तव मुका आहे, वहिनी," ती फुंकर घालत म्हणाली. "मुक्याच्या वतीने बोलायला कुणीतरी लागतंच. मास्तर, बघताय काय, पानं आणा."

धूर आला. काय धूर आला. आधी पिवळा, मग पांढरा, मग मेघासारखा गच्च, कुंपणावरून उठला आणि वारा तसाच असल्यामुळे थेट मांडवात शिरला. मुलाकडची माणसं खोकू लागली, मुलीकडची खोकू लागली, फादर खोकले. मी परत धावत आलो तर धुरात फक्त टोप्या दिसत होत्या. मधोमध आजोबा खोकत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहऱ्यावर असा आनंद, की स्वर्गाचं दार त्यांना अगदी वासासकट दिसलं असावं.

"पेटली," आजोबा म्हणाले. "टोपल्या खाली ठेवा रे."

लुबुलवानेही सूर बदलला. हयातभराचा सराव होता. "आणि तरीही," तो म्हणाला, "आम्हाला जायची मुळीच घाई नाही."

बाबिर्ये बाहेर आली, आत्याच्या मागून. आत्याच्या खांद्यावर एक वाळकं पान अडकलं होतं, ते कुणी काढलं नाही. टोपल्या स्वीकारल्या गेल्या. सालोंगो एक वाक्य बोलला. आणि मग हंड्या आल्या.

नालोंगोने पहिली हंडी सगळ्यांसमोर उघडली. पानं बाजूला झाली, वाफेचा एक लोट उठला आणि खाली मटोके बसलेलं होतं, पिवळंधम्मक, लोण्यासारखं, कुठे करपलेलं नाही, कुठे दाठर नाही. मंद विस्तवाने त्याची अशी मनधरणी केली होती, की ते पूर्ण विरघळलं होतं. तिने बोटाने दाबून पाहिलं. बोट आत गेलं. तेव्हा कुठे सकाळपासून कोंडलेला श्वास तिने सोडला, तो इतका मोठा, की शेजारचा पळीने वाढणारा माणूस दचकला.

आजोबांनी तीनदा मागून घेतलं. मुलाची मावशी हंडीपाशी येऊन तळ खरवडून बघत राहिली. "खाली लागलंच नाही?" ती म्हणाली. मग तिने हंडी गरम राहावी म्हणून खाली घातलेले गोळे पाहिले, वाकून वास घेतला, आणि नालोंगोला बाजूला ओढलं.

"याला धूर नसतो?"

"नसतो. तो धूर पानांचा होता."

मावशीने मागे वळून आपल्या माणसांकडे पाहिलं. "आमच्याकडे येणं-जाणं फार असतं गं," ती हळूच म्हणाली. मग आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "झाडं वाचली पाहिजेत, नाही का?"

लुबुलवा हे ऐकत होता. त्याच्या हातात मटोकेचा घास होता. त्याने हंडीकडे पाहिलं, गोळ्यांकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या देओच्या बापाकडे पाहिलं, मग चेअरमनकडे, मग माझ्याकडे. आम्ही सगळे आपापल्या पानांत फार बारकाईने काहीतरी शोधू लागलो. त्याच्या चेहऱ्यावरून गेले कित्येक महिने एकेक करून जाताना दिसले, प्रत्येक महिन्याबरोबर एकेक मासा.

नालोंगो त्याच्यासमोर गेली, गुडघे टेकून बसली आणि त्याच्या पानात मोठा ढीग वाढला.

"या, जेवा, लुबुलवा," ती म्हणाली. "रविवारी आमच्याकडे या. दर रविवारी. धूर बघायला नको."

लुबुलवाने घास खाली ठेवला, आमच्या सगळ्या ओळीवरून एक नजर फिरवली आणि टॅक्सीच्या अड्ड्यावरच्या आवाजात, शांतपणे म्हणाला, "झाडं वाचली असतील, तर माझी काही तक्रार नाही."

मग तो जेवला. बराच वेळ जेवला. कासालिना आपल्या पोत्यावर परत जाऊन बसली होती. नालोंगो तिच्याजवळ गेली. नालोंगोने तिच्या खांद्यावरचं वाळकं पान काढलं, आणि कासालिनाने बसल्या जागी थोडं सरकून तिला पोत्यावर जागा करून दिली.

पुढच्या वर्षी बाबिर्येने मसाकाहून आईला गॅसची शेगडी पाठवली. गुडघे दुखत असल्यामुळे नालोंगोला आता गोळे वळायला बसवत नाही, ते काम देओच्या आईकडे गेलं. नालोंगो गॅसवर स्वयंपाक करते. त्यालाही धूर नाही, आणि लुबुलवा दर रविवारी येतोच.